कमाईचे तास, मोहल्ल्याच्या कामी

जून-जुलै महिन्यांत आमच्या उर्दू शाळेच्या ऑफिसात दोन प्रकारचे पालक येतात. एक नव्या प्रवेशाचे. दुसरे आमच्याच जुन्या विद्यार्थ्यांचे, ज्यांची मुले बारावी होऊन कॉलेजच्या वाटेवर असतात. यांचा शाळेशी कागदोपत्री संबंध कधीच संपलेला असतो. पण उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो, स्कॉलरशिपचा अर्ज कधी सुटतो, बँकेचे खाते आधारला जोडायचे म्हणजे काय करायचे, हे विचारायला माणूस ओळखीच्याच दारात येणार. आम्ही मास्तर मंडळी तेवढे दिवस त्यांचे कारकून होतो, आणि खरे सांगायचे तर ते काम आम्हाला आवडतेही.

या पालकांना आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगतो. फी कशीबशी भरली जाते. सरकारी सवलत असते, जमातीचा हात असतो, एखाद्याचा मामू आखातात असतो. पोर अडते ते त्यापुढच्या खर्चावर. गाडीभाडे, झेरॉक्स, प्रॅक्टिकलची वही, दुपारचा वडापाव. त्यासाठी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजना असते, तिच्यात मुलाचे नाव घाला, असे आम्ही म्हणतो. त्यावर बहुतेक घरांतून एकच प्रश्न येतो. “म्हणजे आमचा पोरगा कॉलेजात झाडू मारणार? सगळ्यांच्या देखत?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विचारणारा बाप स्वतः दिवसभर गॅरेजात ऑइलमध्ये हात घालून असतो किंवा बाजारात हातगाडी ओढतो. मेहनतीची त्याला लाज नाही. त्याला खुपते ते ‘सगळ्यांच्या देखत’. वर्गातली बाकीची मुले कँटीनमध्ये बसलेली असताना आपलाच मुलगा कुंड्यांना पाणी घालतो आहे, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे येते.

आमचा जिल्हा सातारा. म्हणजे ज्या मातीत ही योजना रुजली तिथेच हा प्रश्न विचारला जातो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये तिचा कारभार साताऱ्यात आणला. तिथल्या वसतिगृहाला 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. सगळ्या जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत, आपले जेवण आपण रांधत, शेतात राबत. मुलांच्या जेवणाची अडचण आली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत आमच्याकडे चौथीतल्या पोरालाही ठाऊक असते. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेही कमवा आणि शिका याच पायावर.

पण त्या बोर्डिंगात आणि आजच्या योजनेत एक फरक पडला आहे, आणि बापाच्या प्रश्नाचे मूळ त्या फरकात आहे असे आम्हाला वाटते. तिथे कुदळ सगळ्यांच्याच हातात होती. पाटलाचा मुलगाही खोदत होता आणि हातावर पोट असलेल्याचा मुलगाही. म्हणून लाजेला जागाच नव्हती. आज कॉलेजात हजारभर मुले असतात, त्यांतली वीस-पंचवीस योजनेत, आणि ती गरीब आहेत म्हणूनच योजनेत. श्रम सगळ्यांचे राहिले नाहीत, गरिबाच्या ओळखपत्रासारखे झाले. यात योजनेला नावे ठेवायचा आमचा हेतू नाही. तिने किती मुलांना पदवीपर्यंत नेले हे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांत पाहिले आहे. आमच्यातल्या एका सहकाऱ्याने स्वतः ग्रंथालयातली पुस्तके पुसून बी.ए. केले आहे.

प्रश्न कामाचा आहे. बहुतेक ठिकाणी ही मुले कॉलेजच्या आवारातच कामाला असतात. बाग, ग्रंथालय, ऑफिसातल्या फायली, प्रयोगशाळेतल्या काचा. दिवसाचे दोन-तीन तास. काम वाईट नाही, पण वर्षभर जावक नोंदवहीत आकडे लिहिणाऱ्या मुलाला त्यातून पैशांखेरीज काय मिळते, आणि कॉलेजच्या भिंतीबाहेरच्या माणसाला काय मिळते?

भिंतीबाहेरची गरज आम्हाला रोज दिसत होती. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मुले घरी दखनी बोलतात, शाळेत उर्दू लिहितात, आणि बाजारात, एस.टी. स्टँडवर, दवाखान्यात सगळीकडे मराठी. बोलता सगळ्यांना येते. वाचता मात्र चौथी-पाचवीतल्या बऱ्याच मुलांना येत नव्हते. उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून, वर काना-मात्रा-वेलांट्या आणि शेवटी जोडाक्षरे. चाळीस मुलांच्या वर्गात एका शिक्षकाने एकेका मुलाजवळ बसून ‘स्टेशन’ आणि ‘प्रश्न’ वाचून घ्यायचे म्हटले तर तास संपतो आणि पाच मुलेही होत नाहीत. या मुलांना नवे पुस्तक नको होते, नवा फळाही नको होता. शेजारी बसून अर्धा तास ऐकणारे माणूस हवे होते.

म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही तालुक्याच्या कॉलेजला अर्ज केला. तुमच्या कमवा-शिका योजनेतली चार मुले आठवड्यातून तीन दुपारी आमच्याकडे द्या. त्यांच्या तासांचा हिशोब आम्ही ठेवतो, पैसे तुम्ही तुमच्या नियमाप्रमाणे द्या.

अर्ज महिनाभर टेबलावरच राहिला. मग विचारणा सुरू झाली. काम आवाराबाहेरचे, मग सही कोणाची? वाटेत काही झाले तर जबाबदार कोण? ऑडिटवाल्याने विचारले तर काय दाखवायचे? हे प्रश्न आडमुठेपणाचे नव्हते. सरकारी-निमसरकारी पैशाला हात लावायचा तर ते विचारावेच लागतात. योजनेचे काम पाहणारे प्राध्यापक स्वतः याच योजनेतून शिकलेले निघाले. त्यांनी तोडगा काढला. हजेरीची वही दुहेरी, एक शाळेत, एक कॉलेजात. दर तासाला मुलाची आणि शिक्षकाची सही. महिन्यातून एकदा प्राध्यापक येऊन पाहणार. एवढ्यावर प्राचार्यांनी होकार दिला.

कमाई आणि खिदमत यांची सांगड आणखी कुणी घातली आहे का, याची चौकशी आम्ही त्याच सुमारास केली आणि अमेरिकेतल्या योजनेची माहिती हाती लागली. तिकडे ती कायद्यातच आहे. तिच्या मुळाशी एक मास्तर आहे, हे वाचून आम्हाला साहजिकच आनंद झाला. लिंडन जॉन्सन टेक्सासमधल्या सॅन मार्कोसच्या अध्यापक महाविद्यालयात शिकले ते तिथे झाडलोटीपासून पडेल ते काम करून. पैसे संपले म्हणून मधेच शिक्षण थांबवून ते 1928 मध्ये कोटुला नावाच्या गावी मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकवायला गेले. पुढे हेच जॉन्सन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. 1964 मध्ये त्यांनी गरिबीविरुद्धच्या ज्या कायद्यावर सही केली त्यात गरजू विद्यार्थ्यांना काम देऊन शिकवण्याची ही योजना होती. पुढच्या वर्षी उच्च शिक्षणाचा मोठा कायदा झाला, त्यावर सही करायला ते आपल्या त्या जुन्या कॉलेजात गेले.

समाजोपयोगी कामाची सक्ती तिकडेही नंतर आली. 1990 च्या दशकात आधी पाच टक्के आणि 2000 पासून सात टक्के. म्हणजे कॉलेजला या योजनेसाठी सरकारकडून जो पैसा मिळतो त्यातला किमान सात टक्के भाग समाजाच्या कामावर असलेल्या विद्यार्थ्यांच्या मजुरीवर खर्च झाला पाहिजे. त्यातही लहान मुलांना वाचायला शिकवण्याचा किंवा घरातल्या थोरामोठ्यांसह साक्षरतेचा निदान एक उपक्रम हवा. एरवी मजुरीतला काही वाटा कॉलेजला किंवा काम देणाऱ्याला उचलावा लागतो. वाचन शिकवणाऱ्या विद्यार्थ्याची मात्र पूर्ण मजुरी सरकारी पैशातून देता येते. आता सात टक्के म्हणजे फार नव्हे. शंभरातले त्र्याण्णव डॉलर तिकडेही कॉलेजच्याच काऊंटरवर बसून मिळवता येतात, आणि पुष्कळ मुले तशीच मिळवतात. तरी कुणीतरी रेघ ओढली आहे, हे महत्त्वाचे. आमच्याकडे ती रेघ ओढलेली नसल्यामुळे सगळे एखाद्या भल्या प्राध्यापकाच्या मर्जीवर राहते.

तर आमच्याकडे चौघे आले. दोन मुली, दोन मुलगे, सगळे दुसऱ्या वर्षाचे. पहिल्या दिवशी एका मुलीने डस्टर हातात घेऊन आख्ख्या वर्गाला मुळाक्षरे म्हणायला लावली. तिच्या डोक्यात शिकवणे म्हणजे तेच होते, आणि त्यात तिचा काय दोष? आम्ही तिला सतरंजीवर बसवले, शेजारी एक मुलगा दिला आणि सांगितले, याला वाचू दे, तू ऐक. चुकला तर लगेच सांगू नकोस, मनात दहापर्यंत मोज. हे ऐकायला सोपे वाटते. एकोणीस वर्षांच्या पोरीला दहापर्यंत मोजणे किती जड जाते ते आम्ही पाहिले!

काही गोष्टी आम्ही आधीच पक्क्या केल्या होत्या. कोणीही मुलाला घेऊन बंद खोलीत बसायचे नाही, सतरंजी व्हरांड्यातच. मुलांचे फोटो काढून स्टेटसला लावायचे नाहीत. आणि सर्वांत कडक नियम असा की शिक्षक रजेवर असले तरी त्यांचा वर्ग या मुलांवर सोपवायचा नाही. हा मोह मोठा असतो. आमच्यातल्या दोघांना निवडणुकीच्या कामावर घेतले तेव्हा वर्ग उघडे पडले, आणि व्हरांड्यात चार शिकलेली माणसे बसलेली. तरी आम्ही वर्ग एकत्र केले, पण त्यांच्या हाती खडू दिला नाही. कारण आज तासावर येणारी मुले वर्ग सांभाळतात असे वर कळले तर उद्या शिक्षकाची जागा भरायची कशाला, असे म्हणायला कोणी मोकळा होईल. अमेरिकेच्या कायद्यातही हे स्पष्ट आहे की या विद्यार्थ्यांच्या कामामुळे कुणा कामगाराची जागा जाता कामा नये. हे कलम त्यांना लिहावेसे वाटले, यावरून मोह सगळीकडे सारखाच असावा.

दोघांपैकी एक मुलगा शिकवण्यात रमला नाही. लहान मुले त्याच्या डोक्यावर बसत. हिशोबात आणि मोबाईलमध्ये मात्र त्याचा हात चाले. त्याला आम्ही मशिदीजवळच्या मोहल्ला लायब्ररीत बसवले. काम असे की येईल त्याचा अर्ज वाचून दाखवायचा, भरून द्यायचा आणि पावती कशी जपायची ते सांगायचे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, रेशन कार्डात सुनेचे नाव, पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला. 2024 च्या जुलैत ‘लाडकी बहीण’चे अर्ज सुटले तेव्हा लायब्ररीच्या पायऱ्यांपासून गल्लीच्या तोंडापर्यंत बायका बसल्या होत्या. बाहेर फॉर्म भरून द्यायचे पैसे घेतात. इथे पोरगा पैसे घेत नाही, हे बायकांना खरे वाटेना. एका नानीने त्याच्या खिशात वीसची नोट कोंबली. तो म्हणाला, “नानी, मला कॉलेज पगार देतं.” त्यावर ती म्हणाली, “तो तुझ्या कॉलेजचा. हा माझा. चाय पी.” नोट घ्यावी की नाही हे विचारायला तो आमच्याकडे आला. आम्ही लायब्ररीत एक डबा ठेवला. त्या डब्यातून आता उन्हाळ्यात माठ भरला जातो.

पैशांची अडचण वेगळ्याच बाजूने आली. दोन्ही मुलींपैकी एकीचे अब्बा आम्हाला भेटायला आले. माणूस नमाजी, शांत, बोलायला आदबशीर. ते म्हणाले, “मास्तर, बच्चीने पढवावं याला माझी ना नाही. पण मुलांना अलिफ-बे शिकवणं म्हणजे सवाबचं काम. त्याचे तासावर पैसे घेणं बरं दिसतं का?”

आम्ही विचारले, “चाचा, पैसे नसते तर तिनं किती दिवस केलं असतं?”

त्यांनी विचार केला. “रमजानपर्यंत केलं असतं. पुढं ईदच्या सीझनला कपड्याच्या दुकानात जावं लागलं असतं. धाकट्याची फी असते.”

त्यांचे उत्तर त्यांच्याच बोलण्यात होते, आणि ते त्यांच्याही लक्षात आले. फुकट सेवेला आमचा विरोध नाही. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून चालू आहे, वर्षाला 120 तास मुले समाजासाठी देतात, सात दिवसांचे शिबिर करतात, आणि त्यातून तयार झालेली चांगली माणसे आम्हाला माहीत आहेत. पण फुकट वेळ देणे हीसुद्धा ऐपत आहे. ज्याला संध्याकाळी दुकानात उभे राहायचे नाही तोच शिबिराला जाऊ शकतो. मग प्रमाणपत्रही त्यालाच, नोकरीच्या अर्जात समाजकार्याचा रकानाही त्याचाच भरलेला, आणि गरिबाच्या मुलीचा रकाना कोरा. मोहल्ल्याची नाडी मात्र तिलाच जास्त ठाऊक. मौलानासाहेबांपुढे ही गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी साधा प्रश्न केला, की मकतबच्या उस्तादांना आपण पगार देतो की नाही? चाचांनी अट एकच घातली, मुलगी मगरिबच्या आत घरी यावी. दुपारी दोन ते चार अशी वेळ आम्ही त्यासाठीच धरली होती.

हीच मुलगी चौघांत सर्वांत चांगली निघाली. तिच्याकडे चौथीतला एक मुलगा होता, हमालाचा. वर्षभर तो वाचनाच्या तासाला पोटात दुखते म्हणून बाहेर जाई. तिने त्याला पुस्तकच दिले नाही. एस.टी. स्टँडवरच्या पाट्या वहीत लिहून आणल्या. कोरेगाव, रहिमतपूर, वडूज, फलटण. त्याचे अब्बा स्टँडवरच हमाली करीत असल्यामुळे ही नावे त्याला तोंडपाठ होती. आता तो अक्षरांशी जुळवू लागला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आमच्याकडे आला आणि विचारू लागला, “सर, ‘विना थांबा’ म्हणजे काय?” गाडीच्या काचेवरची पाटी त्याने स्वतः वाचली होती. पुढे तो जोडाक्षरांपर्यंत आला. ‘प्लॅटफॉर्म’ हा शब्द त्याला दोन दिवस पुरला.

डिसेंबरात मुलांचे पैसे थांबले. वरून रक्कम जमा झाली नाही, असे कळले. आवारातल्या मुलांचेही थांबले होते, म्हणजे दुजाभाव नव्हता. पण आवारातल्या मुलाला तास संपला की तिथेच वर्ग असतो. आमच्याकडे येणाऱ्यांना भाडे मोडावे लागते. दुपारची एस.टी. वेळेवर मिळत नाही, वडापने यावे लागते, आणि वडापवाला पास घेत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे तास वहीत सह्यांसह लिहिलेले, आणि हातात एक रुपया नाही. जानेवारीत मुलगी दोन दिवस चालत आली, हे आम्हाला दुसऱ्या मुलीकडून कळले.

आम्ही तिला म्हणालो, भाड्याचे आम्ही पाहतो. जमातीच्या खजिनदारांनीही तयारी दाखवली. ती म्हणाली, “सर, माझे बेचाळीस तास झालेत. त्याचेच द्या ना.” यापुढे बोलण्यासारखे काही नव्हते. तिला मदत नको होती, मजुरी हवी होती, आणि दोन्हींतला फरक तिला आमच्यापेक्षा स्पष्ट दिसत होता. फेब्रुवारीत तिने कपड्याच्या दुकानात काम धरले. दुकानदार पाच तारखेला पगार देतो. कॉलेजचे पैसे मार्चअखेर एकदम आले, पण तोवर तिचे दुकान पक्के झाले होते. चौथीतला मुलगा पंधरा दिवस दुपारी व्हरांड्यात सतरंजी टाकून बसत होता. आम्ही आळीपाळीने त्याच्याजवळ बसलो, पण चाळीसांचा वर्ग सोडून रोज बसणे होत नाही, म्हणून तर सगळा खटाटोप केला होता.

एका गावातली एका मुलीची गोष्ट सांगण्याचे कारण असे की अशा योजना मोडतात त्या मोठ्या कारणांनी नाही. हेतू चांगला, प्राचार्य चांगले, मुलगी उत्तम, मुलाला वाचन येऊ लागलेले. मोडले ते वडापच्या भाड्यावर आणि तीन महिन्यांच्या उशिरावर. मुलांना समाजाच्या कामाला लावा, असे भाषणात म्हणायला दोन मिनिटे पुरतात. लावायचे म्हणजे त्या मुलाचे कॉलेज किती वाजता सुटते, तो जेवतो कधी, येतो कशाने, वहीवर सही कोण करतो, आणि पहिल्या तारखेला पैसे नाही आले तर पाचव्या तारखेला कुठून येणार, इतके सगळे आधी बघायचे.

त्या उन्हाळ्यात आम्ही जमातीच्या बैठकीत हा विषय ठेवला. मागणी दानाची नव्हती, आगाऊ रकमेची होती. चार मुलांची तीन महिन्यांची मजुरी होईल एवढे पैसे एका खात्यात बाजूला ठेवायचे. कॉलेजचे पैसे वेळेवर आले तर त्याला हात लागणार नाही. उशीर झाला तर त्यातून मुलांना पाच तारखेला द्यायचे, आणि कॉलेजकडून आले की मुलांनी ते परत भरायचे. कोणीतरी सुचवले, जकातीतून करू. मौलानासाहेब लगेच म्हणाले, जकात ही मजुरी म्हणून देता येत नाही, ती हकदाराला काही न घेता द्यायची. हे काम इमदादीच्या पैशातून करा. बरे झाले त्यांनी सांगितले. मुलीचेही तेच म्हणणे होते, फक्त तिने फिक्ह वाचलेले नव्हते. शेवटी तीन व्यापारी, एक निवृत्त तलाठी आणि आम्ही शाळेतले सगळे मिळून रक्कम उभी राहिली. निवृत्त तलाठी आपल्या जमातीतले नाहीत. त्यांची नात मराठी शाळेत आहे. त्यांनी अट घातली की व्हरांड्यातली सतरंजी मराठी शाळेच्या मुलांनाही खुली राहावी. आम्हाला ती अट फार आवडली, कारण त्यांच्यातली दोन मुले आता उर्दूची अक्षरे गिरवू लागली आहेत. कोणी सांगितलेले नाही. शेजारी बसून बसून.

आपल्या गावात जमातीची लायब्ररी असेल, अंजुमनचा दवाखाना असेल, शाळा असेल, तर जवळच्या कॉलेजला लेटरहेडवर एक अर्ज करून पाहावा, एवढे सुचवावेसे वाटते. अर्जात ‘समाजसेवा’ असा मोघम शब्द लिहू नये. अमुक वार, अमुक वेळ, अमुक काम, सही अमुक माणसाची, असे लिहावे. प्राध्यापक मंडळींना तेच हवे असते. नव्या अभ्यासक्रमात समाजाशी जोडलेल्या कामाला श्रेयांक मिळू लागल्यापासून अशा जागा त्यांनाही शोधाव्याच लागतात. श्रेयांकाची मुले फुकट मिळतात म्हणून मजुरीची मुले नको, असे मात्र कोणी म्हटले तर पटवून घेऊ नये.

आमच्या बापमंडळींचा झाडूचा प्रश्न अजून येतो. पण आता आम्ही त्यांना शाळेच्या व्हरांड्यात नेतो. तिथे त्यांच्याच गल्लीतला कोणीतरी मुलगा मांडी घालून बसलेला असतो आणि समोरचे पोर त्याला ‘सर’ म्हणत असते. एका बापाने ते पाहून फक्त एवढेच विचारले, “ह्याला पगार मिळतो?” हो म्हटल्यावर तो फॉर्म घेऊन गेला.

यंदा आमच्याकडे जागा चार आणि विचारणा सात जणांची आहे. उरलेल्या तिघांसाठी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बोलणे चालले आहे. तिथे केसपेपरच्या खिडकीपाशी आपल्या म्हाताऱ्या बायका कुठल्या रांगेत उभे राहायचे ते न कळून तासन्‌तास बसतात. गोळ्या सकाळच्या कुठल्या आणि रात्रीच्या कुठल्या हे समजावणारा कोणी दखनी बोलणारा असला तर त्यांचे फार सोपे होईल. दवाखान्याने लेखी मागितले आहे. अर्ज गेल्या सोमवारी दिला.